उपवासाची मिसळ

आमच्या आणि बाईंच्या घरामधली कंपाउंडची भिंत छातीएवढी आहे. मध्यंतरी गल्लीत चोऱ्या झाल्या तेव्हा तिच्यावर काचा लावायचा विषय निघाला होता. पण मग कोपरं टेकून बोलायचं कुठे, असा प्रश्न दोन्ही बाजूंनी आला आणि काचा राहून गेल्या. कार्तिकी एकादशीला सकाळी मी त्या भिंतीवरून साबुदाण्याच्या खिचडीचा डबा पलीकडे दिला. अमेरिकेहून येऊन चारच दिवस झाले होते. झोपेचं तंत्र बिघडलेलं, त्यामुळे पहाटे तीनला उठून शेंगदाणे भाजत बसले होते.

बाई म्हणजे मिशनच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही) जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते. त्यांचे यजमान होते तेव्हा तेही बाईच म्हणत.

“काय वहिनी, सहा महिने टेक्सासात काढलेत. बाटवलं की नाही कुणी?”

“बाटवलं नाही, पण अकरा वेळा चर्चला जाऊन आले.”

“अकरा! तेवढ्यात माझी वर्षाची हजेरी भरते.”

त्याचं असं झालं की लेक राहते प्लेनोला. दिवसभर ती आणि जावई ऑफिसात, नात शाळेत. घराभोवती कुंपण आहे, पण सहा फुटी, फळ्यांचं. पलीकडे कुणी खोकलं तर ऐकू येतं, माणूस काही दिसत नाही. असल्या कुंपणावर कोपरं टेकणार कशी? पंधरा दिवसांत मी भिंतींशी बोलायला लागले. मग लेकीनेच शोधून काढलं की जवळच्या चर्चमध्ये मंगळवारी सकाळी इंग्रजीचे फुकट वर्ग असतात. तिथे माझ्यासारखेच मुलांकडे आलेले आईबाप होते. दोन चिनी आज्या, एक इराणी जोडपं, व्हेनेझुएलाचा एक सुतार आणि हैदराबादच्या तिघी. शिकवणारी सत्तरीची, केस कापसासारखे. वर्ग संपला की वही काढून प्रत्येकाला विचारायची, तुमच्यासाठी कशाची प्रार्थना करू? मी सांगितलं, गुडघ्याची.

“मग? गुडघा?”

“गुडघा आहे तिथेच आहे. पण पुढच्या मंगळवारी तिने दारातच विचारलं, आता कसा आहे म्हणून. माझ्या सख्ख्या भावाने कधी विचारलं नाही.”

“हे इव्हँजेलिकल मंडळींना जमतं,” बाई म्हणाल्या. “आणि वर्गात धडा कुठला होता?”

“बायबलमधल्या उधळ्या मुलाचा.”

“वाटलंच मला.”

मंगळवारचं बोट धरून मग रविवारही आला. पार्किंगमध्ये पिवळी जॅकेटं घातलेले स्वयंसेवक गाड्या लावून देतात. आत शिरलं की कॉफीचा काउंटर, खुर्चीच्या हाताला कप ठेवायला खळगा. समोर भल्यामोठ्या पडद्यावर उलटे आकडे पळत असतात. शून्य आलं की दिवे मंद होतात, धूर सुटतो, गिटार आणि ड्रम एकदम सुरू. मला वाटलं आता अजय-अतुल येतात की काय. गाणी संपल्यावर पाळक आले ते जीन आणि पांढऱ्या बुटांत.

“झगा?”

“झगा नाही, टाय नाही, कानापासून गालावर आलेला माइक तेवढा. आणि हे तर काहीच नाही. जावयाने आम्हाला ह्यूस्टनला नेलं, तिथलं लेकवूड चर्च दाखवलं. पूर्वी बास्केटबॉलचं स्टेडियम होतं ते. ह्यूस्टन रॉकेट्सवाल्यांनी १९९४ आणि १९९५ असं लागोपाठ अजिंक्यपद मिळवलं तेव्हा त्यांचं घरचं मैदान तेच. २००५पासून तिथे चर्च भरतं. सोळा हजार माणूस बसतं. आपल्या वाडिया पार्क मैदानावर छप्पर घालून उपासना भरवावी तसं.”

“जोएल ऑस्टीनचं ते,” बाई म्हणाल्या. “त्याच्या वडिलांनी १९५९ साली पेंडीच्या रिकाम्या दुकानात सुरू केलेली मंडळी. असं बघू नका, यूट्यूब मलाही दिसतं. पण ऑस्टीनला सरसकट इव्हँजेलिकल म्हणालात तर तिकडचे बरेच इव्हँजेलिकलच तुमच्याशी भांडायला येतील. विश्वास ठेवा, देव तुम्हाला पैसा देईल, तब्येत देईल, बढती देईल, असा त्याच्या शिकवणीचा सूर. बाकीच्यांना ती सुवार्ता वाटत नाही, विम्याची जाहिरात वाटते.”

“मग इव्हँजेलिकल म्हणायचं तरी कुणाला?”

बाईंचा हात फळा शोधायला वर गेला. सवय जात नाही. “पहिलं, पवित्र शास्त्र हेच अखेरचं प्रमाण. दुसरं, येशूच्या वधस्तंभावरच्या मरणानेच तारण. तिसरं, ख्रिस्ती घरात जन्मलात म्हणून भागत नाही, स्वतः वळावं लागतं, नवा जन्म घ्यावा लागतो. आणि चौथं, ही बातमी दुसऱ्याला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. सुवार्ता म्हणतो ना आम्ही, त्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच हे नाव आलं.”

“चौथं लक्षण आपल्या गल्लीत घरटी सापडेल.”

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, चमचा आत घातला. “कूट, बटाटा, तूप, जिरं, मिरची, वरून ओलं खोबरं. आणि याला तुम्ही उपवास म्हणता.”

“संध्याकाळी उपवासाची मिसळही आहे. शेंगदाण्याची आमटी, त्यावर बटाट्याचा चिवडा.”

“शाळेच्या कोपऱ्यावर उपवासाचा डोसा मिळायचा. उपवासाची कचोरी तर मीच खाल्लीये, आमचा उपवास नसताना. म्हणजे रोजचं सगळंच खायचं, फक्त उपवासाचं खायचं.”

त्या क्षणी, खरं सांगते, सहा महिने जे नुसतं पाहत होते ते मला एकदम उलगडलं. “बाई, अहो हेच! त्यांच्याकडे सगळं उपवासाचं असतं!”

हॅलोवीनचंच घ्या. ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्या अमेरिकेत पोरं भुतंखेतं बनून दारोदार गोळ्या मागत फिरतात. इव्हँजेलिकल घरांतल्या बऱ्याच जणांना ती भुतंखेतं पटत नाहीत, सैतानाचं काम वाटतं. पण पोरांना काय सांगणार? म्हणून चर्चच्याच पार्किंगमध्ये गाड्या ओळीने उभ्या करतात, प्रत्येकाने आपली डिकी उघडून सजवायची आणि पोरांनी डिकीडिकीवर जाऊन गोळ्या मागायच्या. माझी नात मैत्रिणीबरोबर गेली होती. तिथे पोरं बायबलमधली पात्रं झालेली. दावीद होते चार, एक गल्याथ, एक नोहा आणि जिराफ पुष्कळ. गोळ्या मात्र त्याच, त्याच कंपनीच्या. एस्थेर राणी झालेल्या एका पोरीने माझ्या नातीकडचं चॉकलेट पळवलं, ते वेगळंच.

सिनेमाला पर्याय सिनेमा, रॉकला पर्याय रॉक, कादंबरीला कादंबरी, शाळेला शाळा. हॅम्बर्गरसुद्धा! इन-एन-आउट म्हणून दुकान आहे, तिथला कागदी ग्लास रिकामा करून नातीने उलटा केला तर बुडाच्या कडेला बारीक छापलेला बायबलमधल्या वचनाचा क्रमांक: योहान ३:१६.

“आम्हाला चौथीत पाठ होतं ते,” बाई म्हणाल्या. “ग्लासच्या बुडाशी छापतात हे नव्हतं माहीत.”

“आणि ते चिक-फिल-ए. चिकनच्या सँडविचचं. १९४६पासून रविवारी बंद ते आजतागायत बंद. मालक बॅप्टिस्ट, रविवार देवाचा. तेव्हा शनिवारी रात्री गाड्यांची रांग मोठ्या रस्त्यापर्यंत.”

“ही जरा निराळी गोष्ट आहे हं,” बाई म्हणाल्या. “दुकान बंद ठेवायचं तर गल्ल्यावर बसणाऱ्याला पदरचं सोडावं लागतं. हा खरा उपवास. ग्लासच्या बुडावर छापायला काय लागतं?”

मी गप्प बसले. इतिहासाच्या बाईंशी वाद घालू नये.

त्यांच्या घरातून शिट्टी झाली. “दोन होऊ देत,” म्हणत त्यांनी पुढचा घास घेतला. मग म्हणाल्या, “हे वेगळं स्वैपाकघर त्यांनी थाटलं त्याला कारण आहे. टेनेसीत डेटन नावाचं लहानसं गाव. १९२५च्या जुलैत तिथे एका मास्तरवर खटला भरला, का तर वर्गात उत्क्रांती शिकवली म्हणून. मास्तरविरुद्ध, पवित्र शास्त्राच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहून पडलेला, मास्तरच्या बाजूने क्लॅरन्स डॅरो, त्या काळातला नामांकित वकील. खटला रेडिओवर. गावात जत्रा, माकडंसुद्धा आणलेली. निकाल मास्तरच्या विरुद्ध, शंभर डॉलर दंड. म्हणजे कागदावर जिंकले हे लोक. पण डॅरोने ब्रायनलाच साक्षीला उभं करून असं काही सोलून काढलं की शहरातली वर्तमानपत्रं हसत सुटली. पाच दिवसांनी ब्रायन झोपेतच वारला. एकदा गाव हसलं की माणूस काय करतो? घरात जातो, दार लावतो, आतच चूल मांडतो. त्यांनी स्वतःची कॉलेजं काढली, स्वतःचे छापखाने, स्वतःची रेडिओ स्टेशनं. त्याच डेटनला १९३०मध्ये ब्रायनच्या नावाचं कॉलेजही निघालं.”

“आणि मग कोंडून घेऊन बसले?”

“वीसेक वर्षं. १९४७मध्ये त्यांच्यातल्याच कार्ल हेन्री नावाच्या माणसाने लहानसं पुस्तक लिहून कान उपटले, की जगातल्या अन्यायाबद्दल तुम्ही तोंड उघडणार नसाल तर तुमची सुवार्ता ऐकणार कोण. मग बिली ग्रॅहम आला. १९५७मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सोळा आठवडे सभा, आणि एका रात्री प्रार्थनेला बोलावलं कुणाला? मार्टिन ल्यूथर किंगला. दक्षिणेतले कित्येक जण त्यावर जळफळले.”

“पण हे गिटार कुठून शिरलं आत?”

ही गोष्ट बाईंच्या आवडीची दिसली, कारण त्यांनी चमचा खाली ठेवला. कॅलिफोर्नियात कोस्टा मेसा नावाचं गाव आहे. तिथल्या कॅल्व्हरी चॅपल या चर्चमध्ये साठ-सत्तरच्या सुमाराला हिप्पी पोरं यायला लागली. केस खांद्यापर्यंत, अंगाला समुद्राचा वास, पाय अनवाणी. चर्चने नुकताच नवा गालिचा घातलेला. कुणीतरी पाटी लावली, अनवाणी पायांनी आत येऊ नये. पाळक चक स्मिथ आले, पाटी काढली आणि म्हणाले म्हणतात, पोरं बाहेर राहणार असतील तर गालिचा उचलू.

“अनवाणी येऊ नये?” मी म्हटलं. “आपल्याकडे देवाच्या दारात चप्पल घालून गेलात तर पुजारी धावून येईल.”

“तेच तर! पण त्या दिवशी गालिच्यापेक्षा पोरं मोठी ठरली आणि पोरांबरोबर त्यांची गिटार आत आली. ही तुमची धुराची आणि दिव्यांची उपासना त्याच पोरांची नातवंडं.”

मला विचाराल तर इथपर्यंत सगळं छान आहे. गोची होते ती उपवासाचा पदार्थ फारच चांगला झाला की. एमी ग्रँटचं बघा. ख्रिस्ती संगीतातली लाडकी मुलगी. १९९१मध्ये तिचं ‘बेबी बेबी’ अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. स्वतःच्या तान्ह्या मुलीकडे बघून सुचलेलं गाणं, पण व्हिडिओत ती एका देखण्या पुरुषाबरोबर हसतेखिदळते, आणि गाण्यात देवाचं नाव नाही. झालं! आपली पोर पळाली असा गळा काढला काहींनी. म्हणजे जगाने खावं म्हणून मिसळ करायची आणि जग खायला आलं की म्हणायचं, ही उपवासाची राहिली नाही.

“आणि एक घराण्याची गंमत,” मी म्हटलं, कारण माझ्याकडेही माल होता. “जेरी जेन्किन्स आणि टिम लाहे या दोघांनी ‘लेफ्ट बिहाइंड’ म्हणून कादंबऱ्या लिहिल्या. पहिली १९९५ची. विमान चाललेलं असतं आणि एकदम खुर्च्यांवर नुसते कपडे उरतात, माणसं गायब. विश्वास ठेवणारे स्वर्गात, बाकीचे मागे, आणि मग जगाचा शेवट. सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्या जेरीचा मुलगा डॅलस. त्याने बापासारखा जगाचा शेवट नाही केला, ‘द चोझन’ नावाची येशूवरची मालिका केली. लोकांकडूनच वर्गणी, एक कोटी डॉलरच्या वर. २०१९ला पहिला भाग. पुढच्या भागांसाठी गालील उभा केला कुठे, तर डॅलसपासून जवळ, मिडलोथियनला! आणि येशूचं काम करणारा नट कॅथलिक.”

“मी पाहिली आहे,” बाई म्हणाल्या. “येशू त्यात हसतो, थट्टा करतो. शिष्य आपसात भांडतात. मला बरी वाटली. बापाने घाबरवून विकलं, मुलाने समजावून. मुलगा पुढे गेला.”

तेवढ्यात आमच्या घरातून आवाज आला, “चहा मिळेल का?” मी ओरडून सांगितलं, तपेलीत आहे, गाळून घ्या. बाई गालात हसल्या. मग भिंतीवरून जरा पुढे झुकल्या आणि आवाज उतरवला. भिंतीवर हा आवाज उतरला की समजायचं, लग्नाचा विषय आहे.

“तो जोशुआ हॅरिस माहितीये?”

नव्हता माहीत. १९९७ची गोष्ट. विशी नुकतीच ओलांडलेल्या या मुलाने पुस्तक लिहिलं, ‘आय किस्ड डेटिंग गुडबाय’. आपल्या भाषेत, प्रेमप्रकरणांना रामराम. मुलामुलींनी उगीच फिरू नये, लग्न करायचं असेल तरच घरच्यांच्या देखरेखीत ओळख वाढवावी. दहा लाखांवर प्रती गेल्या. लग्नापर्यंत कोरे राहू अशी शपथ घेऊन पोरं बोटात अंगठ्या घालायची ते दिवस. एका अख्ख्या पिढीने हे पुस्तक उशाशी ठेवलं.

“त्यात नवीन काय? माझ्या आत्याने हेच सांगितलं असतं, पुस्तक न लिहिता.”

“पुढे ऐका. ती पिढी मोठी झाली आणि त्याला पत्रं यायला लागली, की तुझ्या पुस्तकाने आम्हाला शरमेशिवाय काही शिकवलं नाही. त्याने मनावर घेतलं. २०१८मध्ये म्हणाला, पुस्तक छापणं बंद. २०१९मध्ये म्हणाला, बायको आणि मी वेगळे होतोय. आणि काही दिवसांनी, मी आता स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नाही.”

“अगं बाई!”

“मला त्याची दया येते,” बाई म्हणाल्या. “एवढ्याशा पोराने लग्नावर पुस्तक लिहिलं आणि मोठ्या माणसांनी ते विकत घेतलं. चूक कुणाची?”

उपवासाची सहलही असते. केंटकीतली नोहाची नौका मी पाहिली नाही, पण जावयाच्या ऑफिसातलं एक कुटुंब जाऊन आलं होतं. विल्यम्सटाउन गावी नोहाची नौका शास्त्रातल्या मापाने बांधली आहे, ५१० फूट लांब, लाकडी. २०१६पासून तिकीट लावून दाखवतात. पृथ्वीला सहाएक हजार वर्षंच झाली असं मानणाऱ्यांची ती. आत पिंजऱ्यांत डायनासोरांचे पुतळेही आहेत. आणि गंमत ऐका. तिथे धो धो पाऊस झाला, नौकेकडे जाणाऱ्या रस्त्याकडेची दरड खचली, आणि २०१९मध्ये नौकावाल्यांनी विमा कंपन्यांवर दावा लावला, पावसाने झालेल्या नुकसानीचा.

बाई इतक्या हसल्या की खिचडीचा ठसका लागला. मी पाणी आणायला आत गेले, येताना नवऱ्याचा चहाही गाळून दिला. परत आले तर त्यांचा चेहरा बदललेला.

“वहिनी, तुम्ही उपवासाची मिसळ म्हणालात ते पटलं मला. पण पदार्थ वेगळे करण्यापर्यंत होतं तेव्हा बरं होतं. पुढे यांना वाटलं, सगळ्या गावाचं स्वैपाकघरच ताब्यात घ्यावं. १९७६ला जिमी कार्टर निवडून आला. बॅप्टिस्ट, नवा जन्म झाला असं उघड सांगणारा, रविवारच्या शाळेत शिकवणारा. यांच्यातलाच. १९७९ला जेरी फॉलवेलने मॉरल मेजॉरिटी नावाची संघटना काढली, आणि १९८०ला या मंडळींनी आपला रविवार-शाळेचा मास्तर सोडून कुणाला हात दिला? हॉलीवूडच्या घटस्फोटित नटाला. रेगनला.”

“गर्भपाताच्या प्रश्नावरून ना?”

“तेही लगेच नव्हतं. १९७१मध्ये यांच्यातल्या सर्वांत मोठ्या संघाने, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, ठराव केला होता, की बलात्कार असेल, गर्भात व्यंग असेल, आईच्या शरीराला किंवा मनाला धोका असेल तर कायद्याने गर्भपाताला वाट ठेवावी. आज तो ठराव त्यांच्याच माणसाला वाचून दाखवलात तर तो म्हणेल, हे आमचं नव्हेच. दहा वर्षांत वारं फिरलं आणि मग चाळीस वर्षं त्यांनी तो विषय सोडला नाही. २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला मुभा देणारा जुना निकाल फिरवला तो त्याच चिकाटीचा परिणाम. मी चूक-बरोबर म्हणत नाही. चिकाटी मात्र मानते.”

“माझ्या वर्गातली म्हातारी राजकारणाचं एक अक्षर बोलायची नाही.”

“पण मत देत असेल. एक आकडा सांगते. पीआरआरआय म्हणून पाहणी करणारी संस्था आहे. खासगी आयुष्यात अनीतीने वागलेला पुढारी सार्वजनिक काम नीट करू शकतो का, असं त्यांनी विचारलं. २०११मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के हो म्हणाले. २०१६मध्ये, ट्रंप उभा राहिला तेव्हा, ७२ टक्के. पाच वर्षांत! शास्त्र तेच, पाळक तेच, आणि उत्तर उलटं. त्या निवडणुकीत दर दहांतल्या आठ जणांनी त्याला मत दिलं. आणि हेच शास्त्र, हाच नवा जन्म, हीच गाणी मानणारे काळे लोक शेजारच्या चर्चमध्ये बसतात आणि मत बरोबर उलटं देतात. मग मला सांगा, मत शास्त्राने ठरतं की शेजाराने?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एवढं सांगते की प्लेनोत मला दोन्ही दिसलं. निर्वासितांच्या घरी जुनी कपाटं, गाद्या स्वतःच्या ट्रकमधून पोचवणारा माणूस आणि निर्वासित येऊच नयेत म्हणून फलक लावणारा माणूस. माणूस एकच होता, म्हणून लक्षात राहिला.

“नवीन नाही ते,” बाई म्हणाल्या. “हे सदर्न बॅप्टिस्ट वेगळे झाले १८४५ला, कशावरून? गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो का, यावरून. यांचं म्हणणं, का नाही? माफी मागितली १९९५ला. दीडशे वर्षांनी. आणि त्याच काळात, स्वतःला इव्हँजेलिकलच म्हणवणारी एक बाई नगरात बसून मुलींना बाराखडी शिकवत होती. सिंथिया फरार. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाची, १८२७ला मुंबईत उतरलेली, लग्न न केलेली एकटी बाई. १८६२ला इथेच वारली. जोतिराव फुल्यांनी तिच्या शाळा नगरला येऊन पाहिल्या होत्या. एकच शब्द, वहिनी. एकीकडे गुलाम, एकीकडे पाटी-पेन्सिल.”

भाजीवाला आला. बाईंनी भिंतीवरूनच त्याच्याशी मेथीच्या जुडीचा भाव केला, मी रताळी घेतली.

“आमच्या मराठी मंडळ्यांतही गाण्याची रड होती,” त्या पुन्हा सुरू झाल्या. “इंग्रजी चाली, त्यात मराठी शब्द कोंबलेले. रविवारी म्हाताऱ्यांची जीभ अडखळायची. मग टिळक आले, नारायण वामन. १८९५ला बाप्तिस्मा. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तनं केली. आमच्या उपासना संगीताचं पुस्तक उघडा, पानोपानी टिळक आहेत. पण त्यांनी कीर्तनाची ख्रिस्ती नक्कल करू असं ठरवून काही केलं नसेल असं मला वाटतं. त्यांना दुसऱ्या कुठल्या चालीत रडताच येत नव्हतं. हॅलोवीनच्या डिकीत आणि टिळकांच्या अभंगात हा फरक आहे. शेवटी १९१७ला मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा आपला वेगळा मेळा मांडला.”

“त्यांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची काय कुतरओढ झाली असेल.”

“ती त्यांच्या आत्मचरित्रात, ‘स्मृतिचित्रे’त आहे. परत वाचा. अमेरिकेहून आल्यावर वेगळं लागेल.”

मग एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली की मी रताळी खाली ठेवली. आपण दौंडवरून पुण्याला जाताना केडगाव लागतं ना? तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १९०५च्या जूनअखेर तिथल्या मुली प्रार्थना करता करता रडू लागल्या, मोठमोठ्याने पापं कबूल करू लागल्या, अंगात आग आहे म्हणू लागल्या. मिशनऱ्यांत कुजबुज सुरू झाली, की हे काय, शिस्त आहे की नाही. रमाबाईंनी मुलींना थांबवलं नाही. तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईने त्यावर पुस्तिका लिहिली आणि एक प्रत धाडली आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला. ती होती दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या वाल्पाराइसोला, नवरा तिथल्या मेथडिस्ट मंडळीचा पाळक. १९०९मध्ये तिथे तसंच सुरू झालं. मेथडिस्टांनी हात झटकले, तेव्हा त्यांनी वेगळी मंडळी काढली. अशा अनुभवावर भर देणाऱ्यांना पेन्टेकोस्टल म्हणतात. चिलीत ते आज लाखांनी मोजतात.

“केडगावहून?”

“केडगावहून. ज्या मुलींना दुष्काळात कुणी दारात उभं केलं नव्हतं त्यांच्याकडून. आणि नाताळात गल्लीतली पोरं मला विचारतात, बाई, तुम्हाला अमेरिकेतून पैसे येतात ना?” बाईंनी पदराने चष्मा पुसला. “येतात म्हणावं. खिचडी मात्र शेजारून येते.”

“विचारतं कोण? नाव सांगा मला.”

“जाऊ द्या. माझ्याच विद्यार्थ्यांची पोरं.”

दुसरी शिट्टी कधीच होऊन गेली होती, तिसरी झाली. मुलीने पाठवलेला एक व्हिडिओ मी घाईघाईने मोबाइलवर काढला. प्लेनोच्याच प्रेस्टनवूड बॅप्टिस्ट चर्चमधला नाताळचा कार्यक्रम. स्टेजवर खरे उंट, आणि ढोल वाजवणारे तारांना लटकून प्रेक्षकांच्या डोक्यावरून हवेत उडतायत. २०२३ला हा व्हिडिओ जगभर फिरला, निम्मे लोक वाहवा करत आणि निम्मे कपाळाला हात लावून. बाईंनी चष्मा वर करून तो दोनदा पाहिला.

“तो डावीकडचा ताल सोडतोय,” त्या म्हणाल्या. “आपल्या पथकातल्या पोराने असं वाजवलं असतं तर ताशावाल्याने खाली ओढला असता.”

डबा त्यांनी घासून आणला. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून आत चार पेरू. मग आठवल्यासारखं करून म्हणाल्या, “तुमची चकलीची भाजणी आहे का शिल्लक?”

“दिवाळीला मी तिकडेच होते. या आठवड्यात भाजून गिरणीत देणार आहे.”

“मग माझीही दोन किलो घाला. नाताळ आलाच.”

“घालते. पण गेल्या वर्षी तुमच्या चकल्या कडक झाल्या होत्या हं.”

“मोहन कमी पडलं,” बाई म्हणाल्या आणि कुकर बंद करायला आत गेल्या.